बेव्हीच्या मेन लूपमध्ये स्वतःचं शेड्यूल कसं बसवायचं, रापणीच्या गेमवरून

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, होड्या झापांखाली झाकलेल्या, समुद्र खवळलेला म्हणून रापणही टाकत नाहीत, अशा दिवसांत मालवणजवळच्या आमच्या घरी मी आणि माझी दोन चुलत भावंडं मिळून रापणीचा एक छोटा गेम करायला बसलो. इंजिन घेतलं बेव्ही, भाषा रस्ट. गेम साधाच, होडी जाळं घेऊन आत जाते, अर्धगोल मारून परत येते, किनाऱ्यावरची माणसं दोन्ही दोर ओढतात, आणि भरती-ओहोटीप्रमाणे सगळं बदलतं. पण ह्या साध्या गेममुळेच मला बेव्हीची शेड्यूलं नीट कळली, आणि नवीन शिकणाऱ्यांना ह्या विषयावर मराठीत काही वाचायला मिळावं असं मनापासून वाटतं म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

ज्यांनी बेव्हीत एखादा बारका प्रोजेक्ट केलाय, एंटिटी, कंपोनंट, रिसोर्स, सिस्टीम हे माहितीय, पण ‘स्टार्टअप’ आणि ‘अपडेट’ सोडून तिसऱ्या शेड्यूलला कधी हात लावला नाही, त्यांच्यासाठी हे आहे. व्हर्जन ०.१४ किंवा त्याच्या पुढचं धरा. कोडमधली नावं मी देवनागरीत लिहितोय, तुम्ही टाइप करताना ती रोमनमध्येच करायची, टाइपचं नाव असेल तर सगळे शब्द जोडून प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटल, आणि फंक्शनचं नाव असेल तर सगळं लहान लिपीत, शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर.

आधी रापण, मग कोड

रापण बघितली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. दोराचं एक टोक किनाऱ्यावर माणसं धरून उभी राहतात, होडी जाळं सोडत सोडत आत जाते, वळसा घेते आणि दुसरं टोक घेऊन थोड्या अंतरावर किनाऱ्याला लागते. मग दोन्ही बाजूंनी ओढायला सुरुवात. जाळं वर आलं की मासळी वेगळी करायची आणि मग वाटणी. आता ह्यात बघा, डावीकडचे आणि उजवीकडचे एकाच वेळी ओढतात, कोणी कोणासाठी थांबत नाही, पण होडी परत आल्याशिवाय ओढणं सुरू होत नाही, आणि जाळं पूर्ण वर आल्याशिवाय वाटणी होत नाही. लहानपणी मी उत्साहात आधीच दोर खेचायला लागलो की आजोबा ओरडायचे, ‘होडी येवक नाय तवसर दोराक हात लावू नको रे!’

बेव्हीचं शेड्यूल म्हणजे नेमकं हेच. एका शेड्यूलमधल्या सिस्टीम्स डावी-उजवीसारख्या, एकमेकांच्या डेटाला हात लावत नसतील तर वेगवेगळ्या थ्रेडवर एकाच वेळी चालतात. पण एक शेड्यूल पूर्ण संपल्याशिवाय पुढचं सुरू होत नाही. आणि शेड्यूल संपताना अजून एक गोष्ट होते ती नवीन माणसाला पटकन दिसत नाही, सिस्टीम्सनी कमांड्समधून जे काय मागितलेलं असतं, अमुक एंटिटी तयार कर, तमुक काढून टाक, ते सगळं तिथे वर्ल्डवर लागू होतं. म्हणजे पुढच्या शेड्यूलला स्वच्छ, पूर्ण झालेली स्थिती मिळते.

मेन लूपच्या आत काय आहे

मला आधी वाटायचं मेन लूप म्हणजे इंजिनच्या पोटात कुठेतरी खोल असेल आणि आपल्याला तिथे जाता येणार नाही. तसं काही नाहीये. एक फ्रेम म्हणजे ॲपचं ‘अपडेट’ फंक्शन एकदा चालणं, ते ‘मेन’ नावाचं शेड्यूल चालवतं, मेनमधली एक सिस्टीम सगळं वर्ल्ड हातात घेऊन ‘मेनशेड्यूलऑर्डर’ नावाचा रिसोर्स उघडते, त्यात लेबलांची यादी असते, आणि ती वरून खाली एकेक शेड्यूल चालवत जाते. यादी साधारण अशी, फर्स्ट, प्रीअपडेट, स्टेटट्रान्झिशन, रनफिक्स्डमेनलूप, अपडेट, स्पॉनसीन, पोस्टअपडेट, लास्ट. पहिल्या फ्रेमला ह्या सगळ्याच्या आधी प्रीस्टार्टअप, स्टार्टअप आणि पोस्टस्टार्टअप एकदाच चालतात.

ही यादी साधा रिसोर्स आहे, म्हणजे आपण तिच्यात आपलं लेबल घालू शकतो. एवढं कळलं की अर्धं काम झालं.

कुठे काय होतं त्यातलं दोन-तीन लक्षात ठेवा. कीबोर्ड, माऊस ह्यांचं इनपुट प्रीअपडेटमध्ये ताजं होतं. फिजिक्ससारखं ठरावीक वेगाने चालवायचं ते ‘फिक्स्डअपडेट’मध्ये, आणि ते रनफिक्स्डमेनलूपच्या आतून चालतं, म्हणजे अपडेटच्या आधी. पालकाच्या जागेवरून मुलांची स्क्रीनवरची जागा काढणं वगैरे पोस्टअपडेटमध्ये. हा क्रम पुढे आम्हाला चांगलाच भोवला, सांगतो.

खरंच वेगळं शेड्यूल हवंय का

हे आधी विचारा स्वतःला, कारण बऱ्याच वेळा नको असतं. दोन-चार सिस्टीम्सचा क्रम लावायचा असेल तर ‘बिफोर’, ‘आफ्टर’ किंवा सरळ टपल करून ‘चेन’ लावा, संपलं काम. सिस्टीम्सचे गट असतील तर सिस्टीम सेट करा आणि सेटांचा क्रम लावा. ०.१३ पासून तर क्रम लावलेल्या दोन सिस्टीम्समध्ये पहिली कमांड्स वापरत असेल तर मधे ती लागू करायचा टप्पा बेव्ही आपोआप घालतं, त्यामुळे फक्त कमांड्स वेळेवर लागू व्हाव्यात म्हणून वेगळं शेड्यूल करायची गरज उरलेली नाही. प्रत्येक नवीन शेड्यूल म्हणजे एक जास्तीची थांबण्याची जागा, सगळे थ्रेड्स तिथे एकमेकांसाठी थांबतात, दहा शेड्यूलं केलीत तर दहा ठिकाणी थांबतील.

आम्हाला का लागलं, तर भरतीमुळे. आमच्या गेममध्ये पाण्याची उंची एकच, पण ती वाचणारे खूप. होडी, जाळं, माशांचा थवा, ओली वाळू कुठपर्यंत दाखवायची ती, आणि किनाऱ्यावरची माणसं किती पुढे जाऊन उभी राहणार ते पण. होडी मी लिहीत होतो, मासे बहीण आणि माणसं भाऊ, तिघांची तीन प्लगिन्स, काही सिस्टीम्स फिक्स्डअपडेटमध्ये, काही अपडेटमध्ये. बहिणीला माझ्या सिस्टीमचं नाव माहिती असायची गरज पडू नये, तिला फक्त एवढी खात्री हवी की तिचं काही चालायच्या आधी पाणी ठरलेलं आहे. आणि बिफोर-आफ्टर एका शेड्यूलच्या आतच काम करतं. अपडेटमधल्या सिस्टीमला ‘फिक्स्डअपडेटमधल्या अमक्याच्या नंतर’ असं सांगितलंत तर कंपायलर काही बोलणार नाही, चालताना एरर येणार नाही, आणि त्याचा उपयोगही शून्य होईल. असा प्रश्न असेल, म्हणजे गट मोठा, वेगवेगळ्या शेड्यूलांत पसरलेला, आणि एक गोष्ट सगळ्यांच्या आधी पक्की व्हायला हवी, तर वेगळं शेड्यूल बरोबर.

पाण्याची उंची कशी काढतो तेही सांगून टाकतो, कारण विचारतात लोक. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं, तर सरासरी उंचीत कोसाइनची एक लाट मिळवायची, तिचा काळ तेवढा. लाटेचा आकार तिथीप्रमाणे बदलायचा, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण म्हणून मोठा, अष्टमीच्या आसपास भांग म्हणून लहान. भरतीची वेळ काढायला आमच्याकडे जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात, चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अंदाजच आहे तो, पण गेमच्या सुरुवातीच्या वेळेला आम्ही तोच वापरला आणि आजोबांनी बघून मान डोलावली, आम्हाला तेवढं पुरे होतं.

पहिली पायरी, लेबल

लेबल म्हणजे शेड्यूलचं नाव, एक रिकामा स्ट्रक्ट. आत काहीच नाही. त्याच्यावर डिराइव्ह लावायचे, शेड्यूललेबल, डीबग, क्लोन, पार्शलइक्यू, इक्यू आणि हॅश. ह्यातला एखादा विसरलात तर कंपाइल होणार नाही, आणि रस्टचा एरर मेसेज कुठला राहिला ते स्पष्ट सांगतो, घाबरू नका. शेड्यूललेबल हे नेहमीच्या प्रिल्यूडमधून येईलच असं धरू नका, ते ईसीएसच्या, म्हणजे बेव्हीच्या एंटिटी-कंपोनंट-सिस्टीमवाल्या भागाच्या, ‘शेड्यूल’ मॉड्यूलमधून आणायचं, आणि मेनशेड्यूलऑर्डर ‘ॲप’ मॉड्यूलमधून.

इथे एक आवडीची गोष्ट. रस्टमध्ये १.५३ पासून, म्हणजे २०२१ पासून, नावं रोमनमध्येच हवीत असं बंधन नाही. स्ट्रक्टचं नाव खरोखर देवनागरीत ‘भरती’ ठेवता येतं आणि कंपाइल होतं. आम्ही लेबलं तशीच ठेवली, कारण लॉगमध्ये डीबगने छापल्यावर ‘भरती’ असंच येतं आणि माझ्या भावाला, जो तेव्हा नववीत होता, ते बघून जो आनंद झाला तो मला अजून आठवतो. मोठ्या टीममध्ये सारखा कीबोर्ड बदलत बसायला लागतं म्हणून कदाचित नको वाटेल, पण घरच्या प्रोजेक्टला जरूर करून बघा.

दुसरी पायरी, शेड्यूल तयार करून ॲपला देणं

‘शेड्यूल’ टाइपच्या ‘न्यू’ला आपलं लेबल द्यायचं, जे मिळेल ते ॲपच्या ‘ॲड_शेड्यूल’ला द्यायचं. दोन ओळी. मधे हवी असेल तर एक तिसरी ओळ, एक्झिक्युटर, म्हणजे सिस्टीम्स प्रत्यक्ष चालवणारा भाग, ठरवायची. नेहमीचा एक्झिक्युटर अनेक थ्रेड वापरतो, पण भरतीच्या शेड्यूलमध्ये आमच्या तीनच बारक्या सिस्टीम्स, गेममधलं घड्याळ पुढे नेणारी, तिथी बघणारी आणि उंची काढणारी, आणि त्या एकामागून एकच चालणार. अशा वेळी थ्रेड्समध्ये काम वाटायचा खर्चच कामापेक्षा जास्त होतो. ‘सेट_एक्झिक्युटर_काइंड’ने सिंगलथ्रेडेड करून टाका. शेड्यूलमध्ये जड काम असेल तर मात्र ह्याला हात लावू नका, आहे तेच चांगलं.

तिसरी पायरी, यादीत जागा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. ॲपच्या ‘वर्ल्ड_म्यूट’मधून मेनशेड्यूलऑर्डर रिसोर्स बदलण्यासाठी घ्यायचा आणि त्याच्यावर ‘इन्सर्ट_आफ्टर’ किंवा ‘इन्सर्ट_बिफोर’ बोलवायचं. पहिलं लेबल आधीपासून यादीत असलेलं, दुसरं आपलं. आम्ही शेवटी लिहिलं ते असं, प्रीअपडेटच्या नंतर भरती.

रिसोर्स हातात धरून ठेवलेला असताना मधेच ॲपवर दुसरं काही बोलवायला गेलात तर बॉरो चेकर अडवेल, कारण तुम्ही ॲपचाच एक भाग उसना घेऊन बसलाय. म्हणून आधी सगळी शेड्यूलं ॲपला देऊन टाका, मग एकदाच रिसोर्स घ्या, सगळ्या जागा लावा आणि सोडा.

ज्याच्या नंतर घालायचंय ते लेबलच यादीत नसेल तर प्रोग्रॅम तिथेच पॅनिक होतो, म्हणजे एरर देऊन बंद पडतो, आणि ते चांगलंच आहे, लगेच कळतं. असं बहुतेक तेव्हा होतं जेव्हा एक प्लगिन दुसऱ्या प्लगिनच्या शेड्यूलनंतर स्वतःचं घालायला जातं आणि दुसरं प्लगिन अजून जोडलेलंच नसतं. प्लगिन्स जोडायचा क्रम बदला. प्रीअपडेट, अपडेट ही मात्र ‘ॲप::न्यू’ केल्या केल्या यादीत आलेली असतात, त्यांच्यासाठी डीफॉल्ट प्लगिन्सची वाट बघायला नको.

पण डीफॉल्ट प्लगिन्सच्या आधी घातलं की नंतर ह्याने फरक पडतो, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. इन्सर्ट_आफ्टर आपलं लेबल अगदी चिकटून मागे बसवतं. स्टेट म्हणजे गेम आत्ता कुठल्या अवस्थेत आहे ते, आणि ती बदलणारं स्टेटट्रान्झिशन हेसुद्धा स्टेट्सचं प्लगिन प्रीअपडेटच्या मागेच बसवतं. म्हणजे दोघांनी एकाच लेबलच्या मागे जागा मागितली तर जो शेवटी आला तो प्रीअपडेटला चिकटतो आणि आधीचा एक घर मागे जातो. तुमच्या सिस्टीम्स स्टेट बदलायच्या आधी चालायला हव्यात की नंतर, ते ठरवा आणि त्याप्रमाणे प्लगिन जोडा. आम्हाला भरती स्टेटच्या आधी हवी होती, कारण ‘ओहोटी लागली’ ह्यावरूनच पुढचं स्टेट ठरतं, तर आमचं प्लगिन डीफॉल्ट प्लगिन्सच्या नंतर.

आणि हे सगळं फक्त सुरुवातीला, प्लगिनच्या ‘बिल्ड’मध्ये करा. फ्रेम चालू असताना मेनशेड्यूलऑर्डर वर्ल्डमधून तात्पुरता बाहेर काढलेला असतो, एखाद्या सिस्टीममधून तो मागायला गेलात तर सापडणारच नाही. तसंच जे शेड्यूल आत्ता चालू आहे तेही तेवढा वेळ बाहेर काढलेलं असतं, स्वतःच्या आतून त्याच्यात सिस्टीम घालता येत नाही.

चौथी पायरी, सिस्टीम्स घालणं

ही नेहमीसारखीच, ‘ॲड_सिस्टीम्स’ला अपडेटच्या जागी आपलं लेबल, आणि आतल्या तिन्हींना चेन. रन_इफ, सेट्स, सगळं आत चालतं. फक्त पूर्ण शेड्यूललाच रन_इफ लावता येत नाही, तसं हवं असेल तर आत एक सेट करून त्याला लावा.

पाचवी पायरी, खरंच चालतंय का बघणं

ही पायरी कृपा करून गाळू नका. बेव्ही इथे दोन ठिकाणी काहीच न बोलता पुढे जातं.

पहिलं, तुम्ही ॲड_सिस्टीम्स केलंत आणि त्या लेबलचं शेड्यूल अस्तित्वातच नसेल, तर ते गुपचूप तयार होतं. यादीत मात्र ते नसतं. म्हणजे तिसरी पायरी विसरलात तर सगळं कंपाइल होणार, गेम चालू होणार, आणि तुमच्या सिस्टीम्स कधीच चालणार नाहीत, एक अक्षरही एरर नाही. दुसरं उलट, यादीत लेबल आहे पण शेड्यूल नाही, तर मेन ते लेबल चालवून बघतं, सापडलं नाही तर सोडून पुढे जातं. नवीन मुलांच्या कोडमध्ये ‘काहीच होत नाही’ अशी तक्रार आली की मी आधी पहिलं कारण बघतो, आणि बऱ्याचदा तिथेच सापडतं.

तपासायला प्रत्येक शेड्यूलमध्ये एक ओळीची सिस्टीम घाला जी लॉगमध्ये नाव छापते, प्रीअपडेट, भरती, फिक्स्डअपडेट, अपडेट, आणि पाच-सहा फ्रेम्स बघा. क्रम डोळ्यांनी दिसतो. त्याहून चांगलं म्हणजे टेस्ट लिहा. ॲप::न्यू, आपलं प्लगिन, मग ॲपचं अपडेट दोनदा बोलवायचं आणि रिसोर्समधला आकडा अपेक्षेप्रमाणे बदलला का ते बघायचं. खिडकी नको, ग्राफिक्स नको, क्षणात चालते. आमच्याकडे पावसात दिवसातून चारदा लाईट जाते, लॅपटॉपची बॅटरी पुरवून वापरायला लागते, तेव्हा पूर्ण गेम न उघडता टेस्टवर काम करणं फार सोयीचं पडलं. बेव्ही पहिल्यांदा कंपाइल व्हायला जुन्या लॅपटॉपवर बराच वेळ घेतं, तो एकदाच, नंतर फक्त तुमचा बदललेला भाग होतो, पहिल्या वेळी लाईट असताना करून ठेवा.

दोर का तुटत होता

आता तो प्रसंग. गेममध्ये आम्ही एक बटण ठेवलं होतं, ‘भरतीपर्यंत थांब’. दाबलं की घड्याळ उडी मारून पुढच्या भरतीला. आणि हे बटण दाबलं की दर वेळी जाळ्याचा दोर तुटायचा. ताण जास्त झाला की दोर तुटतो असा नियम आम्हीच घातलेला, पण होडी तर जागेवर उभी, ताण येणार कुठून?

तेव्हा भरती आम्ही ‘इन्सर्ट_बिफोर अपडेट’ अशी घातली होती. ऐकायला बरोबर वाटतं ना, अपडेटच्या आधी पाणी ठरलं. पण यादी परत बघा, अपडेटच्या लगेच आधी म्हणजे रनफिक्स्डमेनलूपच्या नंतर. होडी तरंगायचं फिजिक्स फिक्स्डअपडेटमध्ये, ते आधीच चालून गेलेलं, ओहोटीच्या जुन्या पाण्यावर. मग भरती आली, पाणी वर. मग अपडेटमध्ये जाळ्याचे तरंगणारे बोये नव्या पाण्यावर चढले, होडी अजून खालीच, दोघांमधलं अंतर एकदम वाढलं, ताण मर्यादेच्या वर, दोर तुटला. पुढच्या फ्रेमला होडी वर यायची पण तोवर झालं ते झालं.

म्हणून भरती प्रीअपडेटच्या मागे नेली. फर्स्टमध्ये का नाही असा प्रश्न येईल, तर तिथे त्या फ्रेमचं बटण अजून वाचलेलंच नसतं, इनपुट प्रीअपडेटमध्ये ताजं होतं. प्रीअपडेटनंतर आणि फिक्स्डच्या आधी, हीच ती जागा.

माझ्या लॅपटॉपवर दोर तुटायचा थांबला. बहिणीच्या मित्राच्या लॅपटॉपवर मात्र कधी कधी अजून तुटायचा, त्याची स्क्रीन १४४ हर्ट्झची. तेव्हा दुसरी गोष्ट कळली. फिक्स्डअपडेट नेहमीच्या सेटिंगला सेकंदाला ६४ वेळा चालतं, म्हणजे १५.६२५ मिलिसेकंदांना एकदा. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची, म्हणून दर फ्रेमला एकदा तरी चालतंच, क्वचित दोनदा. १४४ वर फ्रेम ७ मिलिसेकंदांपेक्षाही छोटी, त्यामुळे निम्म्याहून जास्त फ्रेम्समध्ये फिक्स्डअपडेट चालतच नाही. अशा रिकाम्या फ्रेममध्ये बटण दाबलं गेलं की पाणी नवीन, बोये नवीन, होडी जुनी, आणि दोर परत तुटला. शेड्यूल कुठेही हलवून हे सुटणार नव्हतं. बोये आणि दोराचा ताण, दोन्ही अपडेटमधून काढून फिक्स्डच्या कुटुंबात नेले, होडी आणि बोये फिक्स्डअपडेटमध्ये, ताण फिक्स्डपोस्टअपडेटमध्ये. जे एकमेकांवर अवलंबून आहे ते एकाच तालावर चालायला हवं, डावीकडचे ओढतायत आणि उजवीकडचे नुसते उभे, असं झालं तर जाळं तिरकं होतं आणि मासळी निसटते, किनाऱ्यावर हे कोणीही सांगेल.

उलट बाजूही लक्षात असू द्या, गेम मधेच अडकला, एक फ्रेम लांबली, तर त्यानंतर फिक्स्डअपडेट लागोपाठ अनेकदा चालतं. नेहमीच्या सेटिंगला एका फ्रेममध्ये २५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ मोजला जात नाही, म्हणजे जास्तीत जास्त १६ वेळा. फिक्स्डमध्ये जड काम ठेवलंत तर ते १६ पट होऊ शकतं.

फिक्स्डच्या आतसुद्धा आपलं शेड्यूल घालायचं असेल तर त्याची वेगळी यादी आहे, फिक्स्डमेनशेड्यूलऑर्डर, वापर अगदी तसाच.

हवं तेव्हाच चालणारं शेड्यूल

प्रत्येक शेड्यूल यादीतच असायला हवं असं नाही. जाळं वर आल्यावर वाटणी होते ती दिवसातून एक-दोनदा, दर फ्रेमला कशाला विचारायचं. आम्ही ‘वाटणी’ नावाचं शेड्यूल केलं, पहिल्या दोन आणि चौथी पायरी तशाच, तिसरी नाही. आत सिस्टीम्स, बांगडे, तारल्या वेगळ्या करणारी, वजन करणारी, होडी-जाळ्याचा हिस्सा काढणारी, माणसांचे वाटे करणारी. आणि एक सिस्टीम अशी जी सगळं वर्ल्ड बदलण्यासाठी घेते, तिच्यात जाळं वर आलंय का बघायचं आणि आलं असेल तर वर्ल्डचं ‘रन_शेड्यूल’ लेबल देऊन बोलवायचं. तेवढ्यात पूर्ण वाटणी पार पडते, आणि पुढच्या ओळीला सगळे हिशेब झालेले असतात. पटावरचे, आळीपाळीचे गेम करणाऱ्यांनी ही पद्धत जरूर वापरा, एक चाल म्हणजे एक रन_शेड्यूल, फार स्वच्छ कोड होतो. शेड्यूल सापडलं नाही तर रन_शेड्यूल पॅनिक करतं, पॅनिक नको असेल तर ‘ट्राय_रन_शेड्यूल’ आहे, पण शिकताना पॅनिकवालंच वापरा, चूक लगेच दिसते. सगळं वर्ल्ड घेणारी सिस्टीम चालू असताना त्या शेड्यूलमधलं बाकी काही समांतर चालत नाही, एवढा खर्च धरून चाला.

सुरुवातीला एकदाच चालणारंही करता येतं, ‘इन्सर्ट_स्टार्टअप_आफ्टर’. आम्ही प्रीस्टार्टअपनंतर एक घातलं, किनाऱ्याचा नकाशा वाचायला, म्हणजे स्टार्टअपमध्ये होडी ठेवताना वाळू कुठे संपते ते माहिती असतं.

जुने लेख वाचताना

बेव्ही पहिल्यांदा आलं ऑगस्ट २०२० मध्ये आणि अजून १.० झालेलं नाही, दर काही महिन्यांनी नवीन व्हर्जन आणि त्यात मोडणारे बदल. मार्च २०२३ च्या ०.१० पर्यंत ‘स्टेज’ नावाची पद्धत होती, ती त्या व्हर्जनला गेली. जुलै २०२३ च्या ०.११ पासून ॲड_सिस्टीम्सला पहिलं शेड्यूल द्यायची पद्धत आली. ०.१४ च्या आधी वर्ल्ड हे ॲपचं उघडं फील्ड होतं, आता ‘वर्ल्ड’ आणि ‘वर्ल्ड_म्यूट’ ही फंक्शन्स आहेत. म्हणजे एखाद्या लेखात स्टेज दिसलं तर तो कोड तुमच्याकडे चालणार नाही, पुढे वाचण्यात वेळ घालवू नका. वर्ल्डनंतर कंस नसतील तर मात्र तेवढं बदललं की बहुतेक चालतो. तुमच्या कार्गो फाइलमध्ये जे व्हर्जन आहे त्याच व्हर्जनची उदाहरणं बेव्हीच्या रिपॉझिटरीतून बघा, ईसीएसच्या फोल्डरमध्ये स्वतःच्या शेड्यूलांचं एक छोटं उदाहरण आहे, हा लेख वाचल्यावर ते दहा मिनिटांत समजेल.

आणि एकाच शेड्यूलमध्ये दोन सिस्टीम्स एकाच डेटावर लिहितायत आणि त्यांचा क्रम लावलेला नाही असं झालं तर निकाल कधी असा कधी तसा येतो. त्यासाठी ॲपच्या ‘एडिट_शेड्यूल’मधून बिल्ड सेटिंग्ज बदलून ॲम्बिग्युइटी डिटेक्शन ‘वॉर्न’वर ठेवा, मुळात ते बंद असतं. आम्ही वाटणीच्या शेड्यूलला लावलं तेव्हा लॉगमध्ये दोन सिस्टीम्सची नावं आली, होडी-जाळ्याचा हिस्सा काढणारी आणि माणसांचे वाटे करणारी, दोघी एकाच ढिगातून मासळी उचलत होत्या आणि आधी कोण ते आम्ही कुठेच लिहिलं नव्हतं. आजोबांना विचारलं, आधी काय काढतात. त्यांनी सांगितलं तसं चेन लावलं.